पाळ फोडली त्या दिवशी

"बाई, हे फोडलं तं मासोळी किती मरंल?"

भागरताबाईंनी हे विचारलं तेव्हा त्यांच्या खांद्यावर कुदळ होती. मे महिन्याचं ऊन डोक्यावर आलेलं. पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, अर्धं गाव गोळा झालं होतं. पाळीच्या एका अंगाला हिरडटोल्याचा तलाव, उन्हाळ्यानं आक्रसून निम्मा झालेला. दुसऱ्या अंगाला दलदल, माणसाच्या दुप्पट उंचीचं पाणकणसाचं रान.

"सांगा ना. मागच्या सभेत तुमीच तं सांगत होत्या."

खरं होतं. गावातल्या मच्छीमार सोसायटीच्या सभेत मीच उभी राहून सांगितलं होतं, की ओढ्याचं पाणी आधी या दलदलीत मुरतं, गाळ आणि घाण तिथेच राहते, म्हणून तुमचा तलाव इतका निर्मळ आहे. दलदल जपा. पण उन्हाळ्यात ही पाळ कधीही फोडू नका. आतलं पाणी काळं असतं, वर्षानुवर्षं कुजलेल्या पाल्याचं. त्यात हवा नसते. ते एकदम तलावात शिरलं तर मासे गुदमरतील. सोसायटीच्या अध्यक्षा म्हणून भागरताबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि मान हलवत होत्या.

"बहुतेक सगळी," मी म्हणाले.

"अन् नाई फोडलं तं?"

मी पाणकणसाच्या रानाकडे पाहिलं. आत पेंढारकर सर होते.

सर म्हणजे माझे मार्गदर्शक. साठीला टेकलेले, नागपूरला वनस्पतिशास्त्र शिकवायचे. तलाव आणि दलदल यांचं एकमेकांशी काय नातं आहे, याचा अभ्यास आम्ही दोघं तिथे करत होतो. त्या दिवशी सकाळी त्यांनी नेहमीसारखं इन्सुलिन टोचून घेतलं आणि मला म्हणाले, "घरत, तू पोहे होऊ दे. मी दोन नमुने घेऊन आलोच." एकट्यानेच डोंगा वल्हवत ते रानात शिरले. इन्सुलिन घेतलेला माणूस, पोटात अन्नाचा कण नाही. मग वारा सुटला. त्या दलदलीत पाणकणसाचे गादीसारखे तरंगते थर असत. वारा आला की ते सरकत आणि आत गेलेली वाट बुजून जाई.

पहिला तासभर आम्ही हाका मारत होतो. एकदा लांबून ओ आल्यासारखी वाटली. त्यानंतर काहीच नाही. डोंगा आत घुसेना. थरांवरून चालत जावं तर पाय खाली जात, आणि खाली डोक्यावर पाणी. एक जण छातीपर्यंत आत गेला, त्याला दोरीनं ओढून काढावं लागलं. पाणी उतरलं तरच थर जमिनीला टेकणार आणि माणसांना चालत आत जाता येणार होतं. ही गोष्ट भागरताबाईंच्या आधी लक्षात आली, मग माझ्या. मी ती तोंडातून काढली नव्हती.

त्यांचे दीर मोतीराम पुढे आले. "वयनी, थांबा जरा. पुढच्या आठवड्यात मासोळी काढाची हाये. साऱ्या गावाचं वरीसभराचं पोट हाये त्याच्यात. एका मानसासाठी ते फोडाचं काय? अन् तोबी आपला नाई."

हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांचा मला राग आला नाही. त्यांच्या जागी मीही तेच बोलले असते.

"कोनाचा तरी असंलच ना," भागरताबाई म्हणाल्या.

"तसं नाई म्हनत मी..."

"मासोळीचं बीज पुन्हा टाकता येते, मोतीराम. मानूस आला नाई म्हंजे त्याच्या घरच्याईनं कोठी पाहावं, सांग? दाराकडे का रस्त्याकडे?"

मोतीरामांनी मान खाली घातली. पाळीच्या सगळ्यात अरुंद जागी जाऊन भागरताबाईंनी कुदळ उगारली आणि पहिला घाव घातला. दुसरा घाव मोतीरामांनी घातला.

माती भुसभुशीत होती. सुरुवातीला बोटभर धार आली, मग हातभर, मग पाळीचा एक मोठा लचका तुटून पाण्याबरोबर गेला. ते पाणी मी आयुष्यात विसरणार नाही. चहाच्या चोथ्यासारखं काळं, वर तांबूस फेस, आणि सडक्या अंड्यांचा वास. ते तलावाच्या हिरव्या पाण्यात शिरलं आणि काळा पट्टा लांब लांब होत गेला. आता मनात आणलं तरी ते थांबवता येणार नव्हतं. फुटलेली कड पाणी स्वतःच रुंदावत चाललं होतं.

मी आणि भागरताबाई पाळीवरच्या ऐनाच्या झाडाखाली बसून राहिलो. पुरुषमंडळी बांबू घेऊन काठाशी उभी, पाणी उतरायची वाट बघत. बसून राहणं सहन होईना म्हणून की काय, मी विचारलं, "दाराकडे का रस्त्याकडे, असं म्हणालात. तुमचं कुणी...?"

त्या घरी मी वर्षभर जात-येत होते. चुलीपाशी बसून जेवले होते. पण त्यांना एक मुलगा होता हे मला त्या दुपारी कळलं.

"रुपचंद नाव. मिरची तोडाले गेला तेलंगनात. त्याले मोप वर्सं झाली." त्या तलावाकडे बघत बोलत होत्या. "लगन होऊन सालही झालं नव्हतं. सकाळी बायकोसंगं भांडन झालं. मी सोता आयकलं, तिचा आवाज लय चढला होता. दुपारी पाहते तं हा घरात नाई. त्याच दिवशी गावातले पोरं टेम्पोत बसून मिरचीले गेले होते. मी म्हनली, गेला त्याईच्या संगं. पोरं परत आले अन् म्हनले, आमच्यात नव्हताच. मंग मी म्हनली, दुसऱ्या गाडीनं गेला असंल."

"शोध नाही घेतला?"

"मोतीराम वारंगलपर्यंत जाऊन आला. एवढ्या मुलखात कोठी शोधता? ज्याले यायचंच नाई तो सापडते काय?"

"आणि सून?"

"पुस्तकला. तिले हाकलली मी. तिच्या तोंडापायी माझा पोरगा गेला, असं चारचौघात बोलली. घरात नवं जाळं होतं, मी हातानं इनलेलं. तेबी दिसेना. मी म्हनली, नवऱ्याले पळवला अन् जाळं माहेरी पोचवलं. तिनं पाय धरले माझे. मी सोडवून घेतले." पदरानं त्यांनी कपाळ पुसलं. "आता तिनं दुसरं घर केलं म्हनतात. बरं झालं."

दुपार कलली तसं रान खाली बसू लागलं. उंच पाणकणीस एकमेकांवर कलंडलं आणि काळा चिखल उघडा पडला. पुरुष दोन टोळ्या करून आत शिरले. एक टोळी ओढ्याच्या बाजूनं, दुसरी मोतीरामांबरोबर पाळीच्या बाजूनं. बराच वेळ नुसते त्यांचे आवाज येत होते. मग पाळीच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं.

"सापडला!"

मी उठून पळाले. मोतीराम रानातून बाहेर येताना दिसले. माझ्याजवळ आले आणि त्यांनी माझा हात धरला. एरवी तो माणूस माझ्याशी दोन हात लांबूनच बोलायचा.

"म्याडम, तुमी या. वयनीले येऊ नका देऊ."

"जिवंत आहेत?"

"तुमी या."

मी चिखलातून गेले. गुडघ्यापर्यंत पाय रुतत होते, कोण मला ओढत होतं ते आठवत नाही. काठापासून फार आत नव्हतं ते. जमिनीला टेकलेला एक थर फाटला होता आणि त्या फटीतून एक पाऊल बाहेर आलं होतं. माणसाचं पाऊल. मला वाटलं, संपलं. सरांच्या घरी काय सांगायचं, एवढं एकच वाक्य डोक्यात फिरू लागलं.

मग मी वाकून पाहिलं. पाऊल काळंभोर होतं, कमावलेल्या चामड्यासारखं, हाडाला घट्ट बसलेलं. सर सकाळी हसत गेले होते. हे पाऊल सकाळचं नव्हतं. मोतीरामांनी बांबूनं थर उचलला. आत हाडं होती, कुठे कुठे त्यावर तसंच काळं चामडं, आणि टेरीकॉटचा शर्ट, ज्याची बटणं अजून लावलेली होती. जिथे हवा नाही तिथे काही नीट कुजतही नाही. हे मी विद्यार्थ्यांना कितीदा तरी सांगितलं होतं. डोळ्यांनी पाहिलं तेव्हा माझे दात वाजायला लागले. तेवढ्या उन्हात.

"हे सर नाहीत," मी म्हणाले. "हे फार जुनं आहे."

"ठाऊक हाये," मोतीराम म्हणाले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "पायाले पाहा."

दोन्ही पायांना जाळं गुंडाळलेलं होतं. थरावरून चालताना पाय आत गेला असणार, खांद्यावरचं जाळं घसरून पायांत अडकलं असणार आणि वरचा थर पुन्हा मिटला असणार. कुणाला काही ऐकू गेलं नाही.

मागे चिखलाचा आवाज झाला. मी वळले. भागरताबाई येत होत्या. लुगडं मांड्यांपर्यंत खोचलेलं, कुणाचाही हात न धरता.

"मावशी, तुम्ही नका येऊ," मी वाटेत आडवी आले.

त्यांनी मला बाजूला केलं. ढकललं नाही, वाटेतली फांदी बाजूला करावी तसं. त्या खाली बसल्या. शर्टाकडे त्यांनी पाहिलंही नाही. जाळ्याची कड दोन बोटांत धरली आणि चिखल पुसत एकेक गाठ चाचपत गेल्या. आम्ही सगळे उभे. त्यांची बोटं एका जागी थांबली.

"हे मी इनलं," त्या म्हणाल्या.

त्यांनी ती गाठ वर धरली.

"मोतीराम, हे माझ्या हातचं हाये." आणि मग, अगदी साध्या आवाजात, घरात हरवलेली वस्तू घरातच सापडल्यावर बाई बोलते तशा त्या बोलल्या, "अवो, हा तं इथंच होता."

त्यांचं घर तिथून दिसत होतं. अंगणातला रांजण दिसत होता. इतकी वर्षं त्या रोज याच पाळीवरून तलावावर जात होत्या.

तेवढ्यात पलीकडून, ओढ्याच्या बाजूनं, शिट्ट्या आणि ओरडा सुरू झाला. "म्याडम! साहेब हायेत! श्वास चालू हाये!"

मी जागची हलले नाही. त्या बाईला तिथे बसलेली सोडून पळत जायचं, हे माझ्या पायांना जमेना.

भागरताबाईंनी मान वर केली. डोळे कोरडे होते. "जा बाई."

"मावशी..."

"जित्याकडे जा. इथं आता घाई नाई."

सर एका उंचवट्यावर आडवे पडले होते, डोंगा पालथा, तोंड उघडं, अंग घामानं थबथबलेलं. खिशात ठेवलेल्या ग्लुकोजच्या गोळ्या त्यांनी दिवसभर पुरवून चघळल्या होत्या, असं नंतर समजलं. आम्ही त्यांना कुशीवर वळवलं आणि ओल्या बोटानं थोडी साखर गालाच्या आत चोळली. जीपमध्ये घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. संध्याकाळी सलाइन लागलेलं असताना त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "नमुने कुठे आहेत?" मी हसायला गेले आणि रडायलाच लागले. पाळ फोडल्याचं त्यांना मी दोन दिवसांनी सांगितलं. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गावात परत आले तेव्हा तलाव पांढरा झाला होता. रोहू, कटला, सगळे मासे पोट वर करून तरंगत होते, काठाशी तर पाणीच दिसत नव्हतं. बगळे गोळा झाले होते, पण त्यांनाही आता खाववत नसावं. फक्त मरळ तेवढी जिवंत होती. ती पाण्यावर तोंड काढून हवा घेते. मेलेल्या माशांमधून तिची तोंडं मध्येच वर येत आणि खाली जात, ते बघवत नव्हतं. बाया टोपल्या भरत होत्या, पुरुष खड्डे खणत होते. मला पाहून कुणी काही बोललं नाही. कुणी बोललं असतं तर बरं वाटलं असतं.

पुढचं आधीच सांगून टाकते. पावसाळ्याच्या तोंडी सभा झाली, तेव्हा दलदल जाळून, खणून साफ करा असं बरेच जण म्हणाले. आमचा अभ्यास काय सांगतो, हे त्या सभेत उठून सांगायचं धाडस मला झालं नाही. भागरताबाई उठल्या. "त्याले दलदलीनं नाई मारलं," त्या म्हणाल्या. "त्याचा पाय गुतला. दलदल गेली तं तलावबी जाईल, मंग तुमी काय खासान?" पाळ पुन्हा बांधली, या खेपेला दगडी, आणि तिला लाकडी दार बसवलं, पाणी थोडं थोडं सोडता येईल असं. त्याची जागा आणि उंची मी ठरवली. आत जाणाऱ्यानं एकट्यानं जायचं नाही असा गावाचा नियम झाला. तलाव सावरायला वेळ लागला, पण सावरला. पुढे मी पुष्कळ तलावांवर काम केलं. पाणकणसाचं रान दिसलं की अजूनही मी आधी काठावर थांबते.

पण मला सांगायचं आहे ते त्या सकाळचं. पोलिसांचा पंचनामा उरकला होता. माती द्यायची होती. भागरताबाई अंघोळ करून माझ्या जीपपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"मले खैरटोलीले न्या. मातीच्या आधी."

खैरटोलीत एका मांडवाखाली बाया तेंदूची पानं जुळवून पुडे बांधत बसल्या होत्या. त्यांच्यात एक उंच, सावळी बाई होती. भागरताबाईंना पाहून तिच्या हातातली पानं खाली पडली.

भागरताबाई मांडवाच्या बाहेरच, उन्हात थांबल्या. "पुस्तकला, रुपचंद सापडला."

ती ताडकन उठली. तिनं आधी आमच्या मागं रस्त्याकडं पाहिलं, मग आपल्या घराच्या दाराकडं. तिथे दोन लहान मुलं खेळत होती. तिच्या चेहऱ्यावर भीती पसरली. "आला तो? त्याले सांगा... सांगा त्याले, मी आता इथची हाये. मले लेकरं हायेत."

"तो नाई आला, माय. तो गेलाच नव्हता कोठी. दलदलीत होता. त्याच दिवसापासून." भागरताबाईंचा आवाज फाटला. "जाळं त्याच्या पायात होतं. मासोळीले गेला होता."

पुस्तकला उभीच राहिली. बायांचे हात थांबले होते. मला वाटलं ती किंचाळेल, किंवा या म्हातारीच्या अंगावर धावून जाईल. तिचा तेवढा हक्क होता.

"मी म्हनलं होतं त्याले," ती हळूच म्हणाली. "धिवराच्या घरात येऊन भाजीले मासोळी नाई. त्याच्यावरूनच भांडन झालं. मंग तो हसला होता जाताना. मी कोनाले सांगितलं नाई. म्हनलं, हसून सोडून जाते का कोनी?" ती थांबली. काहीतरी तिच्या डोक्यात उजाडत होतं, ते आम्हाला दिसत होतं. "म्हंजे... त्यानं मले सोडलं नव्हतं?"

"नाई."

"माझ्या मायनं मले टाकलेली बाई म्हनून दारात उभं केलं नाई. इथंबी लग्नात मले ओवाळू देत नाईत." तिनं मांडवातल्या बायांकडे पाहिलं, मग भागरताबाईंकडे. डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसती धग होती. "मोठ्यानं सांगा. तुमी मले हाकलली तवा मोठ्यानं बोलल्या होत्या. तसंच मोठ्यानं सांगा."

भागरताबाई वळल्या. गल्लीच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. कालपासून दाबून धरलेला सगळा आवाज त्यांनी काढला.

"आयका वो! मी भागरता, हिची सासू! माझ्या पोरानं हिले सोडलं नव्हतं! ही चोर नव्हती! खोटी मी होती! माझा पोरगा मेला होता, त्यानं हिले सोडलं नव्हतं!"

दारं उघडली. माणसं बाहेर आली. एक म्हातारा काठी टेकत ओट्यावर येऊन उभा राहिला. भागरताबाई धापा टाकत वाकल्या होत्या. मी धरायला पुढे झाले, तेवढ्यात पुस्तकला मांडवातून बाहेर आली. तिनं सासूच्या दंडाला धरून तिला सरळ उभं केलं आणि म्हणाली, "अजून एकदा."